तुम्ही सापडला नव्हतात, अप्पा

अप्पा, तुम्ही गेल्यापासून मला रडू आलेलं नाही. धाकटा भाऊ बसू म्हणतो, "ताई, रड की गं, मोकळी होशील." चाकूरच्या घरी भेटायला बाया यायच्या, माझ्या तोंडाकडं बघायच्या, आणि मी रडत नाही असं बघून आपणच रडून जायच्या. मी त्यांना पाणी द्यायचे. आता नांदेडला परत आले आहे. कॉलेजात जाते. रसायनशास्त्राचा अर्धा राहिलेला धडा पुढं शिकवला, फळ्यावर अक्षर नेहमीसारखंच आलं. घरी येते, चहा करते, पिते, कप विसळते. हाताला गरम-गार कळतं. त्याच्या पलीकडचं काही कळत नाही.

म्हणून हे लिहीत तुमच्याशी बोलायला बसले. आपलं भांडण अर्ध्यात राहिलंय. तुम्ही बरोबर होतात की मी, हे ठरायच्या आधीच तुम्ही उठून गेलात.

चाकुरात तुमची गोष्ट तुम्हाला कधी सांगावी लागली नाही. कापडाच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं, की थान उलगडेपर्यंत शेजारचा कुणीतरी त्याच्या कानाशी लागायचाच. हे विश्वनाथअप्पा, हे सापडलेले बरं का. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत निजामाचं राज्य कोसळलं, तेव्हा खेड्यापाड्यांतले मुसलमान जीव मुठीत धरून पळत होते. आजोबा देगलूरहून आपल्या बहिणीला बैलगाडीतून घरी आणत होते. वाटेत बाभळीखाली एक तान्हं लेकरू रडताना दिसलं. कुणा पळणाऱ्या माणसांचं राहिलेलं. आजोबांनी ते उचललं, बहिणीच्या मांडीवर दिलं आणि घरी येऊन अव्वाच्या, म्हणजे आमच्या आजीच्या, पदरात टाकलं. अव्वाला तोवर मूल नव्हतं. स्वामींना बोलावून तुमच्या गळ्यात लिंग बांधलं. नाव ठेवलं विश्वनाथ. पुढं बऱ्याच वर्षांनी अव्वाची कूस उजवली आणि काशिनाथकाका झाले, पण तोवर थोरला मुलगा तुम्हीच होऊन बसला होतात.

आपल्या लिंगायत लोकांपैकी काही जण कितीतरी दिवस आपल्याकडं पाणी प्यायले नाहीत. शाळेत पोरं तुम्हाला 'रझाकार' म्हणायची. तुम्ही ते हसत सांगायचात. "मास्तरबी म्हणायचे, ए रझाकार, फळा पूस. आन् मी पुसायचो. फळा काय, कुणीबी पुसला तरी काळाच!" आम्ही हसायचो. आई मात्र हसायची नाही. ती म्हणायची, "ज्याला हसून सांगावं लागतंय त्येला लई लागल्यालं असतंय."

तुमचा एक विनोद तर सगळ्या बाजारपेठेला पाठ होता. आपल्यात माणसाला बसवून माती देतात, मुसलमानांत निजवून. तुम्ही म्हणायचात, "माझं काय करायचं ते आधीच ठरवा रे. न्हाईतर खड्डा आखूड पडंल."

*

नागुआत्याबद्दल लिहायचं म्हटलं की हात थांबतो.

ती आजोबांची एकुलती बहीण. लग्नाच्याच वर्षी नवरा गेला, माहेरी आली ती कायमची. तुमची आत्या, म्हणून आम्ही मुलंही तिला आत्याच म्हणायचो. उरलेल्या कापडाचे तुकडे जोडून ती तुमच्या बंड्या शिवायची. बाजारात कापडाला तोटा नव्हता, दुकान तर आपलंच होतं, तरी तुमच्या अंगात तिच्याच हातची बंडी. तुम्ही दुकानातून येईपर्यंत ती जेवायची नाही. अव्वा जेवून घ्यायची, आई जेवून घ्यायची. आत्या चुलीपाशी बसून राहायची. आम्हाला वाटायचं, विधवा बाई, तिला दुसरं आहे कोण.

आणि घरात ती एकटीच होती जिनं तुमच्या सापडण्याची गोष्ट कधी सांगितली नाही. त्या गाडीत ती स्वतः होती. आम्ही मागं लागायचो, "आत्या, सांग की, अप्पा किती एवढाले होते? रडत होते का?" ती म्हणायची, "मला काय आठवतंय बाई," आणि घागर घेऊन उठायची.

मी चौथीत असताना खैरुन्निसा, पुढं आमची फुप्पू म्हणजे आत्या झालेली, पहिल्यांदा आपल्या घरी आली. बांगड्या भरणाऱ्या मणियारनीनं तुमची गोष्ट हिमायतनगरला नेऊन पोचवली होती. तिथं एक कुटुंब होतं, मूळचं उदगीरकडचं. त्या धामधुमीत ते गाव सोडून निघाले, तेव्हा देगलूरच्या वाटेवर आईनं तान्ह्या पोराला बाभळीच्या सावलीत निजवून दुपटं बदलायला घेतलं. तेवढ्यात 'आले, आले' असा ओरडा उठला. कुणीतरी बाईला ओढून गाडीत घातलं, गाडीवाल्यानं बैल हाणले, आणि बाळ खालीच राहिलं. खैरुन्निसा तेव्हा सहा-सात वर्षांची, त्याच गाडीत बसलेली. आई पुढं कधी धड जेवली नाही म्हणाली. काही वर्षांतच गेली.

मला तो दिवस स्पष्ट दिसतो. काळा बुरखा वर करून ती दुकानाच्या पायरीवरच उभी. तुम्ही कापड मोजायचा गज हातात धरून आत उभे. ती चढून आत आली आणि थेट तुमच्या डाव्या कानामागं बघायला लागली. तिच्या भावाच्या कानामागं तीळ होता. तुमच्या कानामागं तीळ नव्हता. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बढ़ते बढ़ते मिट गया हुइंगा," आणि तुमच्या गळ्यात पडली. तुम्ही गज टाकून दिलात. भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर, तुम्ही हुंदके देऊन रडलात.

तिला तुम्ही घरी आणलंत. आईनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला. त्या दुपारी नागुआत्या परसात जाऊन बसली, ती दिवेलागणीपर्यंत आत आली नाही. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. सगळ्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला. तुम्हीही काढलात. मी दाराआड उभी होते, अप्पा. तुम्ही तिला म्हणालात, "आत्या, माझी बहीण घरात आली तर तुम्हाला अन्न ग्वाड लागंना व्हय? तुमच्या मनात विटाळ हाय. मीबी त्यांच्यातलाच हाय. मला कसं चालवून घेतलं मग इतके वर्सं?"

आत्या भिंतीकडं तोंड करून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "हाव बाबा. माझ्याच मनात हाय विटाळ."

तुम्ही किती महिने तिच्याशी बोलला नाहीत, मला आठवत नाही. पण ती बंड्या शिवत राहिली. तुम्ही घालत राहिलात.

*

त्यानंतर तुमच्या आयुष्यात बाजी आली. तुम्ही तिला बाजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचात. ईदला हिमायतनगरहून शीरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला आपला फराळ जायचा. बसूच्या लग्नात ती आत्येच्या मानानं मिरवली. रमजानच्या मोठ्या रोज्याला तुम्ही गळ्यातलं लिंग हातात घेऊन पूजा करायचात आणि मग दिवसभर पाणीही प्यायचा नाहीत. "दोन्हीकडं हजेरी लावल्याली बरी," म्हणायचात. मधल्या काळात हवा बदलली. दुकानात बसणारे जुने सोबती म्हणायला लागले, "अप्पा, आता कशाला जाताव तिकडं?" तुम्ही त्यांना कापड दाखवत राहायचात आणि ईदच्या दिवशी गाडी काढायचात.

या सगळ्यात कसली पडताळणी राहिली होती? मी तेच तुम्हाला विचारत होते.

काशिनाथकाकांचा महेश गेल्या दिवाळीला अमेरिकेहून आला. सोबत नळ्या घेऊन आला. नळीत थुंकायचं, झाकण लावायचं, तो परत घेऊन जाणार, आणि तिकडची कंपनी सांगणार की कुणाचं रक्त कुणाशी किती जुळतं. त्यानं गमतीनं काढलेला विषय तुम्ही धरून ठेवलात. "एक मला दे. आन् एक बाजीला."

मी तुम्हाला बाजूला घेऊन म्हटलं, "अप्पा, तुम्ही चाळीस वर्षं बहीण-भाऊ आहात. थुंकून त्यात काय वाढणार आहे?"

"वाढायचं काय न्हाई. तुला कमी व्हायचं भ्या वाटून राहिलंय."

"हो, वाटतंय."

"मला न्हाई वाटत. जल्मभर लोकानं सांगितलं मी कोण ते. एकदा माझ्या अंगानं सांगू दे."

मी नळ्या, द्रावणं, परीक्षानळीतले रंग यांवरच पोट भरते, आणि तुम्ही मला नळीचीच बाजू सांगत होतात.

तुम्ही थुंकलात. हिमायतनगरला जाऊन फुप्पूला थुंकायला लावलंत. ती म्हणाली, "क्या क्या कराते रे तुम, इस उमर में थूँकने लगाए," पण खुशीत होती. आणि काशिनाथकाका, ज्यांना कुठल्याही वाटपात मागं राहिलेलं चालत नाही, ते म्हणाले, "मलाबी दे की रे एक. मी काय पाप केलंय?" महेशनं हसत तिसऱ्या नळीचं पाकीट फोडलं. त्या तिसऱ्या नळीकडं आपल्यापैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

*

महेशचा फोन मला आला, तुम्हाला नाही. तुम्ही तेव्हा माझ्याकडंच होतात, छातीच्या डॉक्टरला दाखवायला आलेले. तो आधी हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "ताई, मोठ्या अप्पांचं आणि त्या आजींचं काहीच जुळत नाही. काहीच म्हणजे काहीच."

मी म्हटलं, बरं.

"पण ताई, त्यांचं माझ्या बाबांशी जुळतं."

मला वाटलं त्याची चूक झाली. आई एक, बाप एक असं कागदोपत्री असलं तरी तुम्ही आणि काका रक्ताचे भाऊ नव्हतात, हे सगळं चाकूर जाणत होतं. त्यानं मला समजावून सांगितलं. सख्ख्या भावांत जुळतं तितकं नाही. सावत्र भावांत जुळतं तितकंही नाही, म्हणजे आजोबांचं बाहेर कुठं काही असावं असंही नाही. मामे-आत्ते भावंडांत असतं तितकं. म्हणजे तुम्ही आजोबांच्या नाहीतर अव्वाच्या भावंडाचं लेकरू.

अव्वा एकुलती एक होती. आजोबांना एकच बहीण होती. ती त्या साली कितीतरी महिने देगलूरला मावशीकडं राहिली होती, आणि परत येताना गाडीत तिच्या मांडीवर बाळ होतं. हे तर आम्ही लहानपणापासून रोज ऐकत होतो. आमच्यासमोर सगळं सांगितलेलं होतं. एवढंच, की बाभळीखाली कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुम्हाला विष्णुपुरीला घेऊन गेले. धरणाचं पाणी बघायला तुम्हाला आवडायचं, म्हणून. त्या दिवशी दरवाजे बंद होते, पाणी नुसतं भरलेलं होतं. रस्त्याकडेच्या कठड्यापाशी उभं राहून मी तुम्हाला सांगितलं. महेशनं सांगितलं तसंच, क्रमानं, कमी-जास्त न करता. वर्गात सांगते तसं.

तुम्ही पाण्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "म्हंजी मी कुणाच्याच गाडीतून पडलो न्हाई."

"नाही अप्पा. तुम्ही सापडला नव्हतात."

"बाप कोण?"

"ते नाही कळत."

"कळून तरी काय करू." तुम्ही कठड्यावर हात ठेवलात. "तुझ्या आजोबाला, माझ्या दादाला, म्हाईत व्हतं. अव्वालाबी. सगळा गाव चालून आला तरी दादा म्हणायचा, हाव, मुसलमानाचं हाय, मी उचललंय, काय करता? लोकानं पाणी बंद केलं तरी तेच. बहिणीचं हाय म्हणला असता तर तिला आन् मला हिरीत ढकलून यायला लोकानीच मदत केली असती."

आणि मग तुमचा चेहरा बदलला. मला वाटलं छातीत कळ आली. मी हात धरला.

"मी तिला विटाळ म्हणलो, शोभा," तुम्ही म्हणालात. "दुसरी बाई येऊन माझ्या कानामागं तीळ शोधू लागली, आन् ती परसात बसून ऐकत व्हती. दुसऱ्याच घरचे मला घेऊन चालले व्हते, आन् तिला आडवता येईना. आन् मी तिला विटाळ म्हणलो."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "म्हणूनच नको म्हणत होते मी."

"म्हंजी मला कळायला नको व्हतं?"

"आत्या जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, अप्पा. आता तिला काय सांगणार?"

"तिला न्हाई. पण मला तर कळलं ना, माझ्यासाठी उपाशी कोण बसत व्हतं."

हे आपलं भांडण. तुम्ही म्हणत होतात, खरं कळलं की ते आपलं होतं. मी म्हणत होते, काही सत्यं अशी असतात की त्यांचं करायचं काय हेच कळत नाही. नांदेडच्या चौकातल्या गर्दीत गाडी अडकली तेव्हाही आपण तेच बोलत होतो. आणि त्यातूनच पुढचं भांडण निघालं. फुप्पूला सांगायचं की नाही.

मी म्हटलं, ती ऐंशीच्या पुढं गेली आहे. राहू द्या तिला आहे तशी.

तुम्ही म्हणालात, "मी दादाच्या खोट्यानं वाचलो. आता खोटं बोलूनच मरू व्हय?"

*

हिमायतनगरला मीच गाडी चालवत नेलं तुम्हाला. वाटेत तुम्ही दोनदा थांबायला लावलंत, दोनदा चहा प्यालात. फुप्पू ओट्यावर बाजेवर बसून लसूण सोलत होती. तुम्हाला बघून तिनं नेहमीसारखा हात वर केला, तुम्ही नेहमीसारखं डोकं वाकवलंत. मग खुर्चीवर बसून तुम्ही सांगितलंत. मराठीतच सांगितलंत, सगळं. नागुआत्याचं सुद्धा. बाहेर कुणाला कळलं तर आत्याची अब्रू जाईल, असा विचार माझ्या मनात आला. तुमच्या आला नसावा.

फुप्पू लसूण सोलत राहिली. म्हणाली, "मशीन झूट बोलती हुइंगी."

"न्हाई बाजी."

"तू मेरेकू बाजी मत बोल."

तिनं हातातली पाकळी ताटलीत टाकली.

"तो मेरा भाई वहीच रह गया," ती म्हणाली. "उसी झाड के नीचे. कौन आया हुइंगा उसके पास? कुत्ते आए हुइंगे." मग तुमच्याकडं बघून, अगदी साध्या आवाजात, "चालीस साल मैं आराम से सोई. मैं सोची, मिल गया, दुकान है, बच्चे हैं, खाता-पीता है. अम्मी को बी बोली मैं, कबर पे जाके बोली, मिल गया बोलके. अब जाके क्या बोलूँ?"

ती उठली, भिंतीला धरत आत गेली. सुनेनं चहा आणला. आपण तो घेतला, कारण न घेणं बरं दिसलं नसतं. तुम्ही ओट्यावर बसून राहिलात, उन्हं सरकून तुमच्या पायावर आली तरी. ती बाहेर आली नाही.

परतताना मी म्हटलं, "सांगायला नको होतं." तुम्ही म्हणालात, "तिचं बरोबर हाय." माझं बरोबर आहे, असं नाही म्हणालात.

नंतर तुम्ही तिला फोन करत राहिलात. तिनं घेतला नाही.

काशिनाथकाका मात्र दुकानात आले. पूर्वी एकदा शेतावरून भांडण झालं तेव्हा चारचौघांत त्यांनी तुम्हाला 'सापडलेलं' म्हणून हिणवलं होतं. तेव्हापासून दोन घरांत येणं-जाणं होतं, पण जेवणं नव्हती. बसूनं मला सांगितलं, काका गादीवर बसले, टोपी काढली आणि म्हणाले, "आण्णा, मी तुला सापडलेला म्हणलो. आन् तू तं आमच्याच घरचा."

तुम्ही म्हणालात, "त्याच्या आदी कुठं व्हतो रं मी?"

*

तुमचं-माझं शेवटचं बोलणं फोनवर झालं. तुम्ही सांगितलंत की रोज सकाळी दुकान उघडण्याआधी नागुआत्याच्या समाधीवर जाऊन येता. बेल वाहता. थोडा वेळ बसता.

"आज 'आई' म्हणून बघितलं," तुम्ही म्हणालात. "जमत न्हाई गं. तोंडात आत्याच येतंय."

मी म्हटलं, "आत्या म्हणा मग. तिला सवय आहे."

तुम्ही "हाव" म्हणालात. मग नवीन आलेल्या इरकल साड्यांबद्दल काहीतरी सांगितलंत, मी नीट ऐकलं नाही, मला तासाला जायचं होतं. मी तुम्हाला सांगायला हवं होतं की त्या कठड्यापाशी तुम्ही जे बोललात त्यावर मी रोज विचार करते, आणि कदाचित तुम्हीच बरोबर असाल. कदाचित. तेवढं राहून गेलं.

दोन दिवसांनी भर दुपारी बसूचा फोन आला.

तुम्हाला बसवलं. भस्म लावलं, डोक्याला फेटा बांधला, गळ्यात लिंग आणि हार. तुम्ही लग्नातल्यासारखे दिसत होतात, फक्त मान एका बाजूला कलत होती आणि बसू ती परत परत सरळ करत होता. मी समोर बसून ते बघत होते. भजन म्हणणारे आले होते, टाळ वाजत होते. मला सगळं काचेपलीकडं चाललंय असं वाटत होतं.

न्यायची वेळ झाली तेव्हा दाराशी जीप थांबली. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून फुप्पू उतरली. मीच बसूला सांगून निरोप धाडला होता, पण ती येईल असं मला वाटलं नव्हतं. माणसं बाजूला झाली. आमच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं विचारलं, "ह्या कोण?"

मला उत्तर द्यायचं होतं. कोण म्हणून सांगायचं, तेच सुचेना.

काशिनाथकाका म्हणाले, "बहीण हाय त्येची. सरका, म्होरं येऊ द्या."

ती तुमच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं हात लावला नाही. बराच वेळ नुसतं बघितलं, मग आपल्या ओढणीच्या टोकानं तुमच्या गालावर ओघळलेलं भस्म टिपलं आणि बायांमध्ये येऊन बसली. ती रडली, अप्पा. तिच्या शेजारी बसून मी तिला पाणी दिलं.

निघताना जीपमध्ये चढायच्या आधी तिनं माझं मनगट धरलं.

"वो अमेरिकावाला बच्चा," ती म्हणाली. "मेरी थूँक फेंक दिया क्या उने?"

मी म्हटलं, "नाही फुप्पू. नळी असेल-नसेल, पण नोंद राहते. नाव राहतं."

"रहने दे. उसकू बोल, निकालना नको." तिची पकड घट्ट झाली. "तेरे दादा झूट बोले, उठाया बोलके. पन कोई सच्ची में बी तो उठाया हुइंगा ना? सब के सब झूट नहीं बोलते. किसी का तो दिल पिघला हुइंगा."

मी महेशला फोन केला. तो म्हणाला, दोघांचीही नावं राहतील. तुमचं पण ठेवलंय. जगभर कुठं ना कुठं माणसं रोज थुंकत असतात, जुळलं तर आपोआप कळतं. त्यानं मला माझ्या फोनवर ते बघायची सोय करून दिली. मी रोज संध्याकाळी उघडते. तुमच्या नावाखाली काका, महेश, आणि दूरची काही अनोळखी नावं. फुप्पूच्या नावाखाली तिच्या कुठल्याशा लांबच्या नातलगाखेरीज कुणी नाही.

काल तिचा फोन आला. तिचा फोन पहिल्यांदाच मला आला, आजवर ती तुम्हालाच करायची.

"आया क्या कोई?"

"नाही फुप्पू, अजून नाही."

"बरं," ती म्हणाली. मग, "तू जेवली का गं?"

मी हो म्हटलं. जेवले नव्हते, अप्पा. फोन ठेवला आणि परातीत पीठ घेतलं.